डागांसकट हात

चाची, तुला विचारायचं राहून गेलं.

परवा तुझ्या घरून निघून मंगरूळच्या स्टँडवर बसची वाट पाहत बसले होते, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: आता हे मी कुणाला विचारू? माणूस गेल्यावर आधी वाईट वाटतं म्हणतात. मला आधी तुझा राग आला. मी एवढी मोठी अडचण घेऊन तुझ्याकडे यायच्या बेतात, आणि तू निघून गेलीस. हे तुला ऐकू गेलं असतं तर म्हणाली असतीस, "मंग काय व, तुयी सवड पाहून मरू काय मी?"

अडचण अशी आहे. आमच्या श्रुतीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या जरा मागे, पांढरा डाग दिसला आहे. मसुराच्या डाळीएवढा. ती बारावीला आहे. तिला आधी वाटलं काहीतरी लागलं असेल, तिनं धुऊन पाहिलं. मला मात्र पाहताक्षणी कळलं, कारण तेरा-चौदा वर्षांची असताना मी माझ्या बोटावर अगदी असाच पाहिला होता. अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मलम दिलं, हे कुणाच्या हाताला हात लागून पसरत नाही, जिवाला काही धोका नाही, थांबेल किंवा वाढेल ते आत्ता सांगता येत नाही, असं नीट समजावलं. डॉक्टर त्यांचं काम करतील. पण आरशासमोर उभी राहिल्यावर पोरीनं स्वतःकडे कसं पाहायचं, हे काही मला डॉक्टरांना विचारायचं नव्हतं. ते तुला विचारायचं होतं.

कारण मला ते तू शिकवलंस. आणि खरं सांगायचं तर आधी चुकीचं शिकवलंस, मग बरोबर शिकवलंस, आणि मधल्या काळात माझी काय दशा झाली ते आपल्या दोघींना ठाऊक. श्रुतीच्या बाबतीत ती मधली दशा मला नको आहे.

तुझं दुकान दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत. दुकान म्हणजे काय, रस्त्यापासून कमरेएवढी उंच फळी, मागच्या भिंतीवर दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या, आणि मधे मांडी घालून बसलेली तू. आईनं मला पहिल्यांदा आणलं तेव्हा माझा डावा हात ओढणीखाली होता. बांगड्या भरायला आलेली पोरगी हात झाकून बसते, हे तुला फार मजेशीर वाटलं. तू उजवा हात धरलास आणि लगेच सोडलास.

"हात असा ताठ काहून धरला व? लाकूड हाय काय?"

"दुखते चाची."

"अजून मी काई केलंच नाई. आगुदरच दुखते?"

मग तू म्हणालीस, "डोये मिट. बांगडी मनगटात गेली. तू हात हालवून राह्यली आन् ते वाजून राह्यली. पाह्य बरं, रंग कोणता हाय?"

मी डोळे मिटून पाहिलं. लाल होती. रंग सांगायला तोंड उघडलं तोवर बांगडी मनगटात होती. मी विचारलं, चाची, कधी घातली? तर तू म्हणालीस, "मी कुठं घातली? मी तं फकस्त धरून व्हती."

ही तुझी पद्धत. बाकीचे साबण लावत, तेल लावत, बोटं आवळत, आणि बाई ओरडली की बांगडी पिचायची. तू बाईला डोळे मिटायला लावायचीस. भ्यालेला हात कडक होतो आणि कडक हातात अडीचची बांगडीसुद्धा जात नाही, हे तुझं म्हणणं. म्हणून तर तू कुणी सांगितलेलं माप कधीच मानलं नाहीस. बाई अडीच म्हणाली की तू सव्वादोनचा गुच्छ सोडायचीस. "बाया भेवाचं माप सांगतात, हाताचं नाई," असं म्हणायचीस, आणि बाई भांडत असतानाच पहिली चढलेली असायची.

मग ओढणीखालचा हात. आईनं तुझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. तू हात बाहेर काढलास, दिव्याखाली धरावा तसा उन्हात धरलास, आणि दुसऱ्या कुणाचा धरावा तसाच धरून बांगड्या भरल्यास. आमच्या शेजारणी माझ्या हातचं पाणी घेताना पेल्याची कड धरायच्या, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. बांगड्या भरून झाल्यावर मी रीतीप्रमाणे वाकून तुला नमस्कार केला. तू रीतीप्रमाणे मोजलेल्यांवर एक जास्तीची बांगडी घातलीस. ती कोणत्या हातात घालावी याचा जरा विचार केलास आणि डाव्यात घातलीस.

तुझी मनगटं मोकळी होती. बांगड्यांच्या ढिगात बसलेल्या बाईच्या हातात एक बांगडी नाही, हे मला कळेना. पुढे येणं-जाणं वाढल्यावर मी विचारलंच. तू सांगितलंस, चाचा गेले तेव्हा उतरवल्या. आणि मग जे सांगितलंस ते मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. चाचा गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं. नवरीचा चुडा मोकळ्या हाताच्या बाईकडून कसा भरायचा, म्हणून बाया पुढच्या गल्लीत जायला लागल्या. आमच्यातल्याही आणि तुमच्यातल्याही. याबाबतीत दोन्हीकडे चांगली एकी होती. तुझे दीर म्हणाले, भाभी, तुम्ही घरात बसा, दुकान मी पाहतो.

"मंग मी काय केलं, रोज नमाज झाली की डोये मिटून दुकान पाहू लागली. फयीपुढं बायाची गर्दी. पोट्ट्या एकमेकीले लोटून राह्यल्या. आन् मधात मी. हात असेच, मोकये. चुडा भरून राह्यली."

"आणि गर्दी झाली?"

"कायची होते? माश्या मारत बसली. पण बसली."

मग एक दिवस एक बाई आली. तिचा हात सुजला होता, बांगड्या रुतल्या होत्या, आणि त्या न फोडता काढून द्यायला कुणी तयार नव्हतं. तू काढल्यास. तिनं घरी जाऊन सांगितलं, तिच्या नणंदेनं आणखी चार घरी सांगितलं, आणि दुकान चालायला लागलं.

यावरून आपलं भांडण जुनं आहे. मी म्हणायची, चाची, बाई आली ती हात सुजला म्हणून आली, तू डोळे मिटलेस म्हणून नाही. तू म्हणायचीस, हात सुजला म्हणून ती आली खरं, पण मी डोळे मिटले नसते तर ती आली तेव्हा मी घरात रडत बसली असती आणि फळीवर माझा दीर बसला असता. तरी मी भांडायची, कारण तुझ्याशी भांडायला मजा यायची आणि भांडता भांडता तू कुरमुरे द्यायचीस.

आता त्या चुकीच्या शिकवणीकडे येते. तू मला सांगितलंस की रोज सकाळी उठल्याबरोबर डोळे मिटायचे आणि आपला हात पाहायचा. साफ, एकसारखा, एकही डाग नसलेला. "मनात पह्यले साफ झाला पाह्यजे, मंग बाहेर होते." मी लहान होते आणि तुझ्यावर माझा फार विश्वास होता. मी मन लावून पाहायची. इतकं की मला तो हात अगदी ओळखीचा झाला. गव्हाळ, गुळगुळीत, बोटांच्या पेरांपर्यंत एकसारखा. मग डोळे उघडायची आणि समोर माझा खरा हात असायचा.

डाग वाढत गेले. बोटांवरून पंजावर, पंजावरून मनगटावर, एक ओठाच्या कडेला. कोण जाणे, ते तसेही वाढणारच असतील. पण रोज सकाळी एक सुंदर हात पाहून मग आपल्या हाताकडे परत यायचं, यात मला माझा हात नकोसा झाला. आधी मला लोकांची लाज वाटायची, आता हाताचीच वाटायला लागली. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालायची. वर्गात फळ्यावर लिहायला उठवलं तर पोट दुखतं म्हणून सांगायची. माझं पोट किती दुखतं यावरून बाईंनी एकदा घरी निरोप धाडला होता.

कॉलेजात गेल्यावर मी तुला तोंडावर म्हटलं, "चाची, तू खोटं पाह्याले शिकवते."

"खोटं नाई व. आगाऊ हाय. आज नसन, उद्या होईन."

तू एवढ्या खात्रीनं म्हणालीस की मी हसले. पण मनातून मी तेव्हा तुझी शिकवण सोडली होती. हे तुला कळलं नसेल असं नाही. तू विचारायचीस, पाहते का रोज, आणि मी हो म्हणायची, आणि तू माझ्या तोंडाकडे पाहून दुसरंच काहीतरी बोलायला लागायचीस.

मग जऊळक्याचे पाहुणे आले. त्या दिवसाची आठवण आता आली की मी एकटीच हसत सुटते, पण तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मला पाहायला पहिल्यांदाच कुणी येणार होतं. आईनं तुला विचारलं, काय करू? तू म्हणालीस, काही काळजी करू नका, मी येते. आलीस ती टोपलं भरून हिरव्या बांगड्या घेऊन. माझे दोन्ही हात मनगटापासून पार कोपराजवळपर्यंत भरून टाकलेस. आई जरा चाचरत म्हणाली, अहो, हा तर चुडा झाला. तू म्हणालीस, "नजर बांगड्यावर जाते, चामड्यावर नाई."

हात सुंदर दिसत होते, यात शंका नाही. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, बांगड्या खळखळल्या, आणि मुलाच्या आत्यानं बशी हातात घेता घेता माझ्या हातांकडे पाहिलं. मग आईकडे. मग बशी खाली ठेवली.

"एक विचारू काय? इचं पह्यले कुठं ठरलं व्हतं काय जी?"

आई म्हणाली, नाही.

"नाई, हयदीचा चुडा हातात दिसते म्हणून म्हटलं. मोडलं असन तं सांगून द्या, आमी काई बोलत नाई."

आणि चाची, आमचे बाबा. तहसीलमधे जन्म गेला, पण साहेबासमोर तोंडातून शब्द फुटत नसे. त्या दिवशी मात्र त्यांना कंठ फुटला. पोरीवर मोडल्या लग्नाचा आळ येतो म्हटल्यावर ते उठले, माझा हात धरला, मनगटावरच्या बांगड्या जरा वर सरकवल्या आणि म्हणाले, "नाई जी, तसं काईच नाई! पोरीच्या हातावर डाग हायेत, ते झाकासाठी भरल्या!"

पोहे तसेच राहिले. पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बाबा नंतर कितीतरी वेळ अंगणात उभे होते, आपण काय केलं हे त्यांना हळूहळू कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू आलीस. दुकान बंद करून. तू दुपारी दुकान बंद केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सरळ माझ्याजवळ येऊन बसलीस, एका वाटीत साबणाचं पाणी मागून घेतलंस आणि माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागलीस. एकही फुटू दिली नाहीस. एक निघाली की टोपल्यात ठेवायचीस आणि उघडा पडलेला तेवढा हात पाहायचीस. दोन्ही हात मोकळे झाल्यावर तू बोललीस.

"संगी, गलती माही झाली."

मी म्हटलं, जाऊ दे चाची, त्यांना कळलंच असतं कधीतरी.

"कालचं नाई म्हणून राह्यली मी. पह्यल्यापासूनची गलती. मी माह्यासाठी डोये मिटून पाह्यलं ना, तवा माहे हात मोकये ठेवले व्हते. चाचा परत आले, हातात बांगड्या आल्या, असं नाई पाह्यलं. हाये ते हात घेऊन मी दुकानात बसली. आन् तुले शिकोलं तवा तुये डाग पुसून टाकले. काहून केलं असं? मलेच भेव वाटत असन तुया डागाचं."

तू रडत नव्हतीस. हिशोबात चूक सापडावी तसं सांगत होतीस. मग म्हणालीस, "चाल, डोये मिट. आता डाग ठेवूनच पाह्य."

मला नाही जमलं. मी डोळे मिटले की तोच जुना साफ हात यायचा, एवढी सवय झाली होती. तू माझा हात तुझ्या मांडीवर घेऊन बसलीस आणि एकेका डागावर बोट ठेवून सांगायला लागलीस, हा इथं हाय, हा लांबट हाय, हा अंगठ्याच्या बुडाशी. मला डोळे मिटूनच तो हात दिसायला लागला. "आता हा हात काय करून राह्यला?" तू विचारलंस. मी म्हटलं, काही नाही. "कामाले लाव त्याले." मग मी त्या हाताला खडू दिला. का ते सांगता येत नाही. वर्गात ज्याच्यामुळे पोट दुखायचं तो फळा समोर आला आणि मी डागांच्या हातानं त्यावर लिहायला लागले.

त्यानंतर मी डी.एड. केलं, किन्हीराजाच्या शाळेत लागले, आणि आजवर फळ्यावर लिहिते आहे. हे डोळे मिटल्यानं झालं असं मी आजही म्हणणार नाही. अर्ज केला, अभ्यास केला, नंबर लागला. पण तुझ्या भाषेत सांगायचं तर नंबर लागला तेव्हा मी दुकानात बसलेली होते. पहिल्याच वर्षी पहिलीतल्या एका मुलीनं माझा हात धरून बोटाला थुंकी लावून घासून पाहिला. तिला वाटलं बाईंना खडू लागला आहे. मी तिला घासू दिलं. निघत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, जाऊ द्या, चांगला दिसते. तुला ते सांगितलं तेव्हा तू फळीवर हात आपटून हसली होतीस.

दुसरे पाहुणे आले तेव्हा तू माझ्या हातात दोन-दोनच बांगड्या घातल्यास आणि बाह्या वर करून दिल्यास. मी ट्रे घेऊन गेले. आमच्या ह्यांनी हात पाहिला, सगळ्यांसमोर विचारलं, "हे दुखते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि चहा उचलला. एवढ्या थोड्या शब्दांत ठरलेलं लग्न आहे आमचं, आणि अजूनही त्यांना जास्त बोलता येत नाही.

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. तुझी पद्धत तू ज्याला-त्याला वाटत सुटायचीस. शेजारच्या पोराला गणितात पास झालेलं पाह्य म्हणून सांगितलंस, त्यानं ते इतकं मनापासून पाहिलं की पुस्तक उघडायचं कारणच उरलं नाही, आणि तो नापास झाला. त्याची आई तुझ्याशी कितीतरी महिने बोलत नव्हती. मी म्हटलं, बघ. तू म्हणालीस, त्यानं निकाल पाहिला, अभ्यास करताना स्वतःला पाहायला पाहिजे होतं, माझ्याच सांगण्यात खोट राहिली. तुझ्याशी वाद घालणं अवघड होतं ते यामुळेच. आपण जिंकलो असं वाटावं तोवर तू चूक कबूल करून पुढे निघून गेलेली असायचीस.

आणि आमच्या प्रशिक्षणात व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान झालं होतं ते आठवतं? सकारात्मक विचार, कल्पनेत स्वतःला पाहणं, आत्मप्रतिमा. मी तुला सगळं सांगितलं. तू लक्ष देऊन ऐकलंस आणि विचारलंस, "मंग त्याईनं डाग ठेवाले सांगतले का काढाले?" मी म्हटलं, डागांचं काही बोलले नाहीत, पण रोज आरशासमोर उभं राहून स्वतःशी चांगलं बोलायचं, असं सांगितलं. ते तुला फार आवडलं. "हे मले नव्हतं सुचलं," म्हणालीस. दुकानातला हातभर आरसा काढून समोर धरलास, मान ताठ केलीस, आणि "हमीदा, तू लय चांगली दिसते" एवढं म्हणताच तुला असं हसू फुटलं की तोंडातलं पान फळीवर सांडलं. पण दुसऱ्या दिवसापासून तू ते रोज करायला लागलीस. तुझी सून शबनम मला सांगायची, अम्मी आरशाशी बोलतात. मी म्हटलं, बोलू दे, तिथं कुणी उलट उत्तर देत नाही.

म्हातारपणी तू आरशात जे पाहायचीस ते तुला आवडायचं. दात गेले होते, पाठ वाकली होती. तुझ्याइतकी स्वतःवर खूश असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला त्याचा हेवा वाटायचा. हे तुला कधी सांगितलं नाही.

दुखणं आलं तेव्हा मला भीती वाटली होती की तू औषध सोडून डोळे मिटून बसशील. तसं झालं नाही. अकोल्याला दवाखान्यात मी भेटायला आले तर शबनमच्या हातून निमूट गोळ्या घेत होतीस. मी चिडवलं, काय चाची, बरी झालेली पाहत नाहीस का स्वतःला? तू म्हणालीस, "गोयी गियाले डोये उघडेच लागतात." मग म्हणालीस, "बरी झाली असं नाई पाहत मी. खाटेवर हाये तशीच पाहते. पण चिडचिड करत नाई, पोरीले तरास देत नाई, अशी पाहते."

तेव्हाच मी तुला श्रुतीचं सांगणार होते. त्यासाठीच आले होते, चाची. तू विचारलंसही, "पोट्टी कशी हाय?" शबनम उशाशी होती, तुझ्या हातात सलाइनची सुई होती, तुझा आवाज पार खोल गेला होता. मी म्हटलं, बरी आहे. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, तशीच, पूर्वी पाहायचीस तशी. पण यावेळी दुसरं काही बोलायला तुझ्यात ताकद नव्हती आणि तू डोळे मिटून घेतलेस. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून मी उठले.

परवा तुझ्या घरी बाया आतल्या खोलीत बसल्या होत्या. शबनमनं मला जवळ बसवून घेतलं. बाहेरून माणसं तुला घेऊन गेली, बाया मागे राहिल्या, आणि एकेक जण तुझी आठवण सांगायला लागली. प्रत्येकीला तू कधी ना कधी डोळे मिटायला लावले होतेस. एक म्हणाली, बाळंतपणाच्या आधी. एक म्हणाली, बँकेत पहिल्यांदा सही करताना. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच, घरी जाऊन पोरीला काय सांगू. डाग ठेवून पाह्य, असं सतरा वर्षांच्या पोरीला सांगायचं कसं? माझा हात तू मांडीवर घेऊन बसलीस. मला तेवढं धैर्य आहे का? तिच्या बोटावर बोट ठेवताना माझं बोट थरथरलं तर तिला सगळं कळणार. भीती आधी हातातच उतरते, हे तूच तर दाखवलं होतंस.

काल सकाळी श्रुती कणीक मळत होती. मी परातीसमोर बसले. म्हटलं, श्रुती, जरा हात थांबव आणि डोळे मिट.

"काहून?"

"तुया हात पाह्य. डागासकट. जसा हाय तसा पाह्य, आन् तो काय करून राह्यला ते सांग मले."

तिनं डोळे काही मिटले नाहीत. माझ्याकडे नवलानं पाहिलं. मग कणकेचा हात तसाच माझ्या हाताशेजारी परातीच्या काठावर ठेवला.

"आई, डोये मिटून काय पाहू? हे तं मी जन्मापासून पाहून राह्यली. असे हात भाकरी करतात, फळ्यावर लिवतात, मले मारतात बी. मी घाबरली व्हती, पण तुले काय वाटन म्हणून. डागाले नाई घाबरली." आणि परत मळायला लागली. "मलम लावीन मी, सांगतलं तितके दिवस. गेला तं गेला."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाह्या वर करून मी जगात वावरते ती माझ्यापुरती, माझ्या धीरासाठी. घरात एक पोर ते सगळं पाहत मोठी होते आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तू त्या दुपारी साबणाच्या पाण्यानं माझे हात मोकळे केलेस तेव्हा तिचेही केलेस. तेव्हा ती जन्मालाही यायची होती.

तुझ्या घरी, सगळ्या बायांमधे बसून, माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. काल परातीपाशी आलं, आणि थांबेना. श्रुती घाबरली. कणकेचे हात मागे धरून तिनं कोपरानं माझं तोंड पुसायचा प्रयत्न केला.

"मी तं रडून नाई राह्यली. मंग तू काहून रडते? मी बरी हावो ना."

"तुयासाठी नाई रडत व," मी म्हटलं. "हमीदाचाची गेली."